पत्र्याला खिडकी : संगणकाचे कॅबिनेट उघडून पाहण्याचा एक पाठ

स्मरणिकेसाठी इतिहासाच्या शिक्षकाने लेख द्यावा असे ठरले, की तो महाडच्या सत्याग्रहावर, पुणे करारावर किंवा धम्मदीक्षेवर असेल, अशी वाचकांची रास्त अपेक्षा असते. त्या विषयांवर आम्ही याआधी लिहिले आहे आणि पुढेही लिहू. या वेळी मात्र आम्ही लोखंडी पत्रा कापण्याविषयी लिहीत आहोत. आपल्या संगणक कक्षातील एका जुन्या यंत्राच्या कॅबिनेटला आम्ही विद्यार्थ्यांकडून पारदर्शक खिडकी बसवून घेतली. ती कशी बसवली, हे येथे सविस्तर सांगावयाचे आहे. आणि या कामाचा संबंध आमच्या इतिहासाच्या तासाशी कसा आला, हेही सांगावयाचे आहे.

प्रश्न कोठून निघाला

टेबलाखाली किंवा पडद्याशेजारी उभ्या असलेल्या पेटीला आपण सारे 'सीपीयू' म्हणतो. दुकानदार म्हणतो, पालक म्हणतात, आम्हीही म्हणत होतो. एकदा आठवीच्या एका विद्यार्थिनीने विचारले, "सर, पुस्तकात सीपीयू म्हणजे छोटी चिप लिहिलंय. मग एवढ्या मोठ्या खोक्याला सीपीयू का म्हणायचं?" तिचे बरोबर होते. पेटीचे नाव कॅबिनेट. सीपीयू अर्थात प्रोसेसर ही आतील मदरबोर्डवर, पंख्याच्या खाली दडलेली जेमतेम चार सेंटिमीटर लांबी-रुंदीची चिप. आम्ही फळ्यावर आकृती काढली. मुलांनी ती वहीत उतरवून घेतली. पण आकृतीने त्यांचे समाधान झाले नाही, हे त्यांच्या चेहऱ्यांवरून कळत होते.

२००१ पासून एमएस-सीआयटीच्या निमित्ताने महाराष्ट्राच्या गावोगावी संगणक पोहोचला. आपल्या मुलामुलींच्या हाती माउस आला, मराठी टंकलेखन आले, प्रमाणपत्रे आली. पेटी मात्र बंदच राहिली. तिला हात लावायचा नाही, बिघडेल, हे पहिल्या दिवसापासून मुलांच्या मनावर ठसत गेले. यंत्र महाग असते, शाळेजवळ पैसा नसतो, म्हणून ही धास्ती समजण्यासारखी आहे. परंतु इतिहासाच्या विद्यार्थ्याला 'हात लावू नकोस' हे शब्द ऐकले, की थोडे थांबून विचार करावा लागतो.

हात लावण्याचा प्रश्न

आपल्या शेजारच्या साताऱ्यात बाबासाहेबांचे शालेय शिक्षण सुरू झाले. ७ नोव्हेंबर १९०० हा त्यांचा शाळाप्रवेशाचा दिवस आज विद्यार्थी दिवस म्हणून पाळला जातो. त्याच शाळकरी वयात त्यांना वर्गात वेगळ्या गोणपाटावर बसावे लागे आणि तहान लागली तरी नळाची तोटी स्वतः फिरविता येत नसे. शिपायाने ती फिरविली तरच पाणी मिळे. नळ तेथेच होता, त्यात पाणीही होते. अडथळा होता तो हाताचा.

हाच अडथळा पुढे कारखान्याच्या दारातही उभा राहिला. मुंबईच्या कापडगिरण्यांत साचेखाते, म्हणजे विणकामाचा विभाग, अधिक मजुरीचा होता. साच्यावरील धोट्यातली कांडी संपली, की नव्या कांडीचा धागा धोट्याच्या छिद्रातून तोंडाने ओढून घ्यावा लागे. अस्पृश्याच्या तोंडचा धोटा आपण कसा घ्यावा, या सबबीवर अस्पृश्य कामगारांना या खात्यात येऊ दिले जात नसे. त्यांच्या वाट्याला कमी मजुरीची खाती आली. १९२८च्या गिरणी संपाच्या काळात बाबासाहेबांनी हा प्रश्न संपाच्या पुढाऱ्यांसमोर ठामपणे मांडला. १९३८ साली मनमाड येथे रेल्वेतील अस्पृश्य कामगारांच्या परिषदेतही कारखान्यांतील कौशल्याच्या जागा आपल्या लोकांना बंद कशा आहेत, हे त्यांनी दाखवून दिले. १९४२ साली व्हाइसरॉयला सादर केलेल्या निवेदनात त्यांनी उच्च व तांत्रिक शिक्षणाच्या सोयींची मागणी केली. सरकारी छापखान्यांत आणि रेल्वेच्या कारखान्यांत आपल्या तरुणांना उमेदवार म्हणून घ्यावे, हीही मागणी तीत होती.

जातिव्यवस्था ही श्रमांची विभागणी नसून श्रमिकांची विभागणी आहे, हे त्यांनी १९३६ साली सांगितले. यंत्राविषयीही त्यांचे मत स्वच्छ होते. माणसाला पशुवत कष्टांतून सोडवून विचार करण्याची फुरसत यंत्रच देऊ शकते, म्हणून यंत्राला नाकारू नये, असे ते मानत. आम्ही हे दरवर्षी वर्गात शिकवितो. आपल्या पलूस तालुक्यातच किर्लोस्करवाडी आहे. १९१० साली कुंडल रोडच्या माळावर लक्ष्मणराव किर्लोस्करांनी लोखंडी नांगर आणि कडबा कापण्याच्या यंत्रांचा कारखाना उभा केला, हेही मुलांना ठाऊक असते. तरीही आमच्याच संगणक कक्षात पेटी बंद होती आणि 'हात लावू नका' असे आम्हीच सांगत होतो. तेव्हा एक जुने, अभ्यासक्रमाच्या कामातून बाजूला काढलेले पण चालू असलेले यंत्र घेऊन त्याला खिडकी पाडावयाची असे आम्ही ठरविले.

ही कल्पना काही आमची नव्हे. १९९०च्या दशकाच्या अखेरीस युरोप-अमेरिकेतील हौशी तरुण आपल्या कॅबिनेटचा पत्रा कापून त्यात प्लास्टिकची काच बसवू लागले. १९९८ साली अ‍ॅपल कंपनीचा अर्धपारदर्शक रंगीत आयमॅक बाजारात आला आणि यंत्राचे अंतरंग दिसण्यात सौंदर्य असते, हे सर्वांनाच पटले. पुढे उत्पादकांनी स्वतःच खिडकीची कॅबिनेट विकावयास काढली. आज कडक काचेची तयार बाजू मिळते. ती विकत घेता येते, मग कापण्याचे श्रम कशाला, असे एका पालकांनी विचारले. विकत घेतलेल्या खिडकीतून यंत्र दिसले असते. पत्रा कसा कापतात हे मात्र मुलांना कळले नसते.

साहित्य

कॅबिनेटच्या बाजूचा पत्रा साधारण अर्धा ते पाऊण मिलिमीटर जाडीचा असतो. खिडकीसाठी ३ मिलिमीटर जाडीची पारदर्शक अ‍ॅक्रिलिक शीट घ्यावी. नामफलक तयार करणाऱ्यांकडे तिचे उरलेले तुकडे स्वस्तात मिळतात. तिच्यातून सुमारे ९२ टक्के प्रकाश आरपार जातो. साधी काच घेऊ नये, फुटल्यास ती जखम करते. कडक केलेली काच एकदा तयार झाली, की कापता किंवा भोक पाडता येत नाही. पॉलिकार्बोनेट अधिक चिवट असते, पण त्यावर ओरखडे लवकर उठतात.

याखेरीज जिगसॉ व त्याचे पत्रा कापण्याचे बारीक दात्यांचे पाते, ड्रिल, सेंटर पंच, गुण्या, दोन क्लॅम्प, सपाट व गोल कानस, पॉलिश पेपर, मास्किंग टेप, पातळ प्लायवूडचा तुकडा, काठावर चढवावयाची रबर बीडिंग, ३ मिलिमीटरचे नट-बोल्ट, रबराचे वॉशर आणि थोडे रेड ऑक्साइड एवढे साहित्य लागते. प्रत्येकाच्या डोळ्यांवर संरक्षक चष्मा हवाच. पत्रा उचलताना जाड हातमोजे घालावेत. ड्रिल चालविताना मात्र हातमोजे काढून ठेवावेत, कारण फिरत्या बिटात कापड अडकले तर हात ओढला जातो.

आखणी

प्रथम यंत्र बंद करून वायर भिंतीतून काढावी आणि चालू करण्याचे बटण काही सेकंद दाबून धरावे, म्हणजे आतील उरलेला विद्युतभार निघून जातो. मग मागचे दोन स्क्रू काढून बाजूचा पत्रा सरकवून वेगळा करावा. समोरून पाहता डाव्या हाताचा पत्रा काढावा, मदरबोर्ड त्या बाजूने दिसतो. हा पत्रा दुसऱ्या खोलीत नेऊनच कापावा. लोखंडाचा कीस मदरबोर्डवर पडला आणि दोन जोडांच्या मध्ये अडकला, तर यंत्र सुरू करताच शॉर्ट सर्किट होते. एस.एम.पी.एस.ची पेटी कोणत्याही परिस्थितीत उघडू नये. वायर काढल्यानंतरही तिच्यातील कपॅसिटरमध्ये धोकादायक भार राहू शकतो.

पत्र्याच्या दोन्ही अंगांना मास्किंग टेप लावावी. तिच्यावर पेन्सिलीची रेघ स्पष्ट उमटते आणि जिगसॉच्या तळाने रंग खरवडला जात नाही. पत्र्याच्या दुमडलेल्या काठांपासून किमान ४ सेंटिमीटर आत राहावे, कारण पत्रा अडकविण्याचे आकडे तेथेच असतात. हवेसाठी पाडलेली भोके असतील तर ती सोडून आखणी करावी. आम्ही २५ बाय २० सेंटिमीटरची खिडकी आखली. चारही कोपरे दहा रुपयांचे नाणे ठेवून गोल करून घेतले. टोकदार आतल्या कोपऱ्यावर ताण एकवटतो आणि पत्रा तेथून फाटतो, शिवाय जिगसॉला काटकोनात वळता येत नाही. कापण्यापूर्वी तेवढ्याच मापाचा पुठ्ठा आतून लावून पाहावा. पंखा किंवा एखादे कार्ड अ‍ॅक्रिलिकला टेकणार असेल, तर ते येथेच समजते.

पहिला पत्रा आणि दुसरा पत्रा

येथे आमची चूक नोंदविणे आवश्यक आहे. पहिल्या प्रयत्नात आम्ही पत्रा दोन बाकांच्या मध्ये आडवा ठेवला आणि क्लॅम्प न लावता जिगसॉ चालविला. पत्रा थरथरू लागला, पाते उसळले आणि रेघ सोडून एक लांब ओरखडा उमटला. मुले दचकून मागे सरली. कोणाला इजा झाली नाही, हे नशीब. पण ज्या भीतीला घालविण्यासाठी हा खटाटोप चालला होता, ती भीती त्या दिवशी वाढली, याला जबाबदार आम्हीच होतो.

दुसऱ्या रविवारी पालकभेटीचा दिवस होता. फॅब्रिकेशनच्या कामावर जाणारे एक पालक आपल्या मुलाला भेटावयास आले होते. हे गृहस्थ एरवी कार्यालयाच्या दाराशीच उभे राहत, आत या म्हटले तरी संकोचत. मुलाने त्यांना तो बिघडलेला पत्रा दाखविला. त्यांनी तो उलटसुलट करून पाहिला आणि म्हणाले, "सर, पत्रा असा हवेत धरून चालत न्हाई. खाली लाकूड द्या, वरनं दाबून धरा, मग बघा." आम्ही त्यांना विनंती केली, "दादा, आपणच एकदा मुलांना दाखवा." ते आधी नको म्हणाले. मग त्यांनी बाह्या सरसावल्या.

त्यांनी सांगितले त्यामागील कारण आम्ही नंतर मुलांना समजावून दिले. पाते नीट चालण्यासाठी त्याचे दोन-तीन दाते एकाच वेळी वस्तूत असावे लागतात. अर्ध्या-पाऊण मिलिमीटरच्या पत्र्यात एकच दाता बसतो, तो पत्र्याला अडकून झटका देतो. खाली प्लायवूड लावून दोन्ही एकत्र क्लॅम्प केले, की पात्याला जाडी मिळते आणि पत्र्याची थरथर थांबते. ही गोष्ट आम्हाला कोणत्याही पुस्तकात सापडली नव्हती. ती त्या पालकांच्या हातात होती.

कापण्याची रीत अशी. खिडकीच्या आतल्या बाजूला, कोपऱ्यांजवळ सेंटर पंचाने खूण ठोकावी, म्हणजे ड्रिल घसरत नाही. प्रथम ३ मिलिमीटरचे, मग १० मिलिमीटरचे भोक पाडावे, कारण जिगसॉचे पाते त्यातून आत जावयास हवे. पात्याला तेलाचा थेंब लावावा. गती मध्यम ठेवावी. यंत्राला ढकलू नये, त्याच्या गतीने त्याला जाऊ द्यावे. रेघेच्या एक मिलिमीटर आतून कापावे आणि उरलेला काठ कानशीने रेघेपर्यंत आणावा. चौथी बाजू संपत आली, की कापलेला तुकडा खालून आधार देऊन धरावा, नाहीतर शेवटी तो लोंबकळून पत्रा वाकवतो.

नंतर काठ कानस व पॉलिश पेपरने घासून असा करावा, की त्यावरून कापूस फिरविला तरी धागा अडकू नये. चुंबक व ओल्या फडक्याने सारा कीस टिपून घ्यावा. उघड्या लोखंडावर रेड ऑक्साइड आणि वर रंग लावावा. आपल्याकडे पावसाळ्यात उघड्या काठाला गंज चढावयास फार दिवस लागत नाहीत. रंग पूर्ण वाळल्यावरच बीडिंग चढवावी. एस.टी.च्या खिडकीची काच रबरात बसविलेली असते, ती मुलांनी पाहिलेली होतीच. तीच युक्ती येथे लहान आकारात वापरावयाची.

अ‍ॅक्रिलिक बसविताना

शीटवरील संरक्षक कागद शेवटपर्यंत काढू नये. खिडकीहून चारही बाजूंनी २ सेंटिमीटर अधिक, म्हणजे २९ बाय २४ सेंटिमीटरचा तुकडा घ्यावा. पोलादी पट्टी धरून कटरने एकाच रेघेवर पुनःपुन्हा ओढावे. जाडीच्या तिसऱ्या हिश्शाएवढी खाच पडली, की ती टेबलाच्या काठावर ठेवून एका दाबात मोडावी. भोके काठापासून किमान एक सेंटिमीटर आत, खाली लाकूड ठेवून, सावकाश पाडावीत. गती वाढविली की अ‍ॅक्रिलिक वितळून बिटाला चिकटते.

३ मिलिमीटरच्या बोल्टसाठी ४ मिलिमीटरचे भोक ठेवावे. मुलांना हे चुकीचे वाटले. मग आम्ही विज्ञानाच्या बाईंच्या मदतीने फळ्यावर हिशेब मांडला. एक अंश तापमान वाढले की एक मीटर अ‍ॅक्रिलिक सुमारे ०.०७ मिलिमीटर वाढते, लोखंड सुमारे ०.०१२ मिलिमीटर. थंडीतली सकाळ आणि चालू यंत्राशेजारची उन्हाळ्यातली दुपार यांत २५ अंशांचा फरक धरला, तर २९ सेंटिमीटरचे अ‍ॅक्रिलिक सुमारे अर्धा मिलिमीटर वाढेल आणि पत्रा एक दशांशाहूनही कमी. मोकळीक ठेवली नाही, तर शीट फुगेल किंवा भोकापाशी तडकेल. म्हणून बोल्टला रबराचे वॉशर घालावे आणि तो बेताचाच आवळावा.

शीट आतल्या बाजूने बसवून कागद काढावा व मऊ ओल्या फडक्याने पुसावे. कोरड्या कापडाने घासल्यास स्थिर विद्युत निर्माण होऊन धूळ ओढली जाते. थिनर किंवा स्पिरिट लावू नये, त्याने अ‍ॅक्रिलिकवर बारीक तडे पडतात. धातूचे कवच यंत्रातून बाहेर पडणाऱ्या विद्युतचुंबकीय लहरीही काही अंशी अडविते. खिडकीने ते कवच थोडे उघडे होते, म्हणून रेडिओ किंवा ध्वनिक्षेपकाची यंत्रणा शेजारी ठेवू नये. हवेची भोके मोकळी असतील, तर यंत्र तापण्याची भीती नाही. उलट पंख्यावर साचलेली धूळ बाहेरून दिसत असल्यामुळे ती वेळेवर साफ होते.

खिडकीतून काय दिसले

पत्रा बसवून यंत्र सुरू केले तेव्हा पंखा फिरू लागला. त्या विद्यार्थिनीने खिडकीवर बोट टेकवून सांगितले, "पंख्याखाली आहे तो सीपीयू." त्यानंतर मुलांनी स्वतः प्रोसेसर, रॅम, हार्ड डिस्क, एस.एम.पी.एस. यांना क्रमांक दिले. एक-दोन महिन्यांनी यंत्र सुरू होईना, तेव्हा रॅमची पट्टी सैल झाल्याचे त्यांनीच ओळखले. वायर काढून, पत्रा उघडून, आधी कॅबिनेटच्या उघड्या धातूला हात टेकवून अंगातील स्थिर विद्युत घालवून त्यांनी ती नीट बसविली. बिघडेल म्हणून ज्याला हात लावावयाचा नव्हता, ते यंत्र हात लावल्यानेच दुरुस्त झाले.

त्या पालकांचा मुलगा आता वडिलांच्या कामाविषयी वर्गात मोकळेपणाने बोलतो. पूर्वी तो विषय टाळत असे. आपल्या मुलांनी शिकावे म्हणून आईवडील घाम गाळतात आणि शिकलेल्या मुलाला त्याच घामाची लाज वाटू लागते, हे आपल्या समाजात आम्ही अनेक घरांतून पाहिले आहे. हाताचे काम हलके आणि पुस्तकाचे काम श्रेष्ठ, ही शिकवण ज्या व्यवस्थेने दिली, तिचीच ती उरलेली छाया आहे. वडिलांचा धंदाच मुलाने करावा, असे आम्हाला मुळीच म्हणावयाचे नाही. सक्तीचा वंशपरंपरागत धंदा मोडण्यासाठीच बाबासाहेब लढले. पण मुलाने इंजिनिअर व्हावे, अधिकारी व्हावे आणि वडिलांच्या हातातील विद्येला विद्याच म्हणावे, एवढे तरी या विद्यालयातून घडले पाहिजे.

तथागतांच्या धम्माचे एक लक्षण 'एहिपस्सिको' असे सांगितले आहे. ये आणि पाहा. ऐकीव आहे म्हणून, ग्रंथात आहे म्हणून किंवा गुरूने सांगितले म्हणून स्वीकारू नकोस, स्वतः तपासून पाहा, असे कालामांनाही त्यांनी सांगितले होते. रोज सकाळी वंदनेत हा शब्द आपली मुले म्हणतात. आता त्याचा अर्थ विचारला, तर काही मुले संगणक कक्षाकडे बोट दाखवितात. आम्हाला ते उत्तर चुकीचे वाटत नाही.

पहिला बिघडलेला पत्रा आम्ही फेकून दिला नाही. तो ओरखड्यासह कक्षाच्या भिंतीवर टांगला आहे. नवीन मुलांना प्रथम तोच दाखविला जातो आणि काय चुकले ते त्यांनी ओळखावयाचे असते.

माजी विद्यार्थ्यांना व पालकांना या निमित्ताने एकच विनंती. आपण विद्यालयाला देणग्या देता, जुने संगणक देता, त्याबद्दल आम्ही ऋणी आहोत. आपल्यापैकी कोणी वेल्डिंग करतात, कोणी मोटार भरतात, कोणी वायरिंग, शिवणकाम किंवा गवंडीकाम करतात. वर्षातून एक रविवार येऊन ते काम मुलांना शिकवावे. कार्यालयाच्या दाराशी थांबू नये, सरळ वर्गात यावे.

नमो बुद्धाय ! जय भीम !